तोरणावरची रिकामी जागा

मेडता
चैत्र सुद चौथ, संवत २०३५

चिरंजीव धापूस सुगनीचे अनेक आशीर्वाद.

काल गणगौर बोळवली आणि आज सकाळी चूल पेटवायच्या आधी तुला लिहायला बसले. ठरलं गं बाई! रुघनाथशी तुझं लग्न ठरलं. माझा दीर तुझा नवरा, माझी सासू तीच तुझी सासू. भडल्या नवमीचा मुहूर्त धरलाय. त्यानंतर दोन दिवसांनी देव झोपतात, मग चार महिने लग्नाचं नाव नको. रुघनाथची काळजी करू नकोस. फार बोलत नाही, पण कामाचा आहे, आणि गायीच्या शिंगावरची माशीसुद्धा हाकलणार नाही असा स्वभाव.

आता मुद्द्याचं. तो मोर घालवून दे.

रागावू नकोस. नांगराखाली चिरडलं जाणारं अंडं तू ओढणीत घालून आणलंस, शेजारच्या जमालचाचांच्या कोंबडीखाली उबवलंस, पिलाला हातानं वाळवी भरवलीस, सगळं ठीक. पिलू होतं तोवर गोजिरं होतं. आता तो तीन वर्षांचा घोडा झाला. होळीला हे बापूंचा नवा चष्मा द्यायला आले होते तेव्हा त्यानं काय केलं विसरलीस? ह्यांच्या सायकलच्या आरशात स्वतःलाच बघून चोचीनं आरसा फोडला, वर ह्यांच्या पोटरीवर नखी मारली. हे अजून लंगडल्याचं नाटक करतात. आणि तेव्हा तर फाल्गुन होता. आषाढात मोर माजावर येतो, आणि आपली वरात आषाढातच येणार. आरशांच्या ओढण्या, पितळी बाजा, नवरदेवाच्या साफ्यावर चकचकीत कलगी. कशाकशाला चोच मारील सांग.

शिवाय आमच्या इथला पटवारी सांगत होता, मोर घरी पाळायला सरकारची मनाई आहे. लग्नाच्या मांडवात कोणी चहाडी केली तर?

बापू दारावरचं लाकडी तोरण कधी करायला घेणार ते कळव. नवरदेवानं घोडीवरून डहाळी लावली की हलता कामा नये, घट्ट करा म्हणावं. खूप घट्ट. चष्मा घालतात ना?

तुझी
जीजी

*

रातडिया
चैत्र पौर्णिमा

तीर्थरूप जीजीस धापूचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी आधी लाजले, मग नाचले, मग रडले, आणि मग मोराबद्दलचं वाचून चिडले. हे सगळं एका चुलीसमोर. भाकरी करपली.

बापू खूश आहेत. चष्मा घालतात. म्हणतात, दोन वर्षं जी रेघ अंदाजानं कोरत होतो ती आता डोळ्यांनी दिसते. तोरणासाठी रोहिड्याची फळी काढून ठेवली आहे. गावातल्या प्रत्येक मुलीचं तोरण बापूंनी केलं, पण माझं सगळ्यात सुंदर होणार, चारी बाजूंना पोपट आणि वर मधोमध मोर. मोर कसा काढायचा ते समोर बघूनच काढणार. आपल्याला दुसऱ्याच्या दारी जायला नको.

तू दोषच दोष लिहिलेस म्हणून गुण ऐक. गेल्या सुगीत बापूंच्या खाटेखाली विषारी बांडी सापीण निघाली होती, हातभर लांब. कोणी मारली? लाकडांच्या थप्पीला वाळवी लागत नाही, ती कोण खातं? रात्री अनोळखी माणूस वाटेवर आला तर कुत्र्याआधी कोण ओरडतं? हं, मिरचीची रोपं खाल्ली, ते खरं. बापूंनी रंधून ठेवलेल्या फळीवर घाण करतो, तेही खरं. पण आम्ही त्याला पाळत नाही, जीजी. दार उघडं आहे, कुंपण नाही, दोरी नाही. तो राहतो. सरकारला म्हणावं, त्याला विचार.

(दुसरं पान)

हुकम सध्या फार तापट झालाय. मी दिसले नाही की अंगण डोक्यावर घेतो. माझ्या हातानं भरवल्याशिवाय खात नाही. माझ्याजवळ कोणी बसलेलं त्याला खपत नाही, काल जमालचाचांच्या सुनेला घरातून पळवून लावलं. बापूंचा चष्मासुद्धा त्याला आवडत नाही, ते वाकले की मान वाकडी करून बघत राहतो. माझं लग्न ठरल्याचं त्याला अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा काय करील देव जाणे. पण मी ठरवलंय, मुकलाव्याला कायमची सासरी येईन तेव्हा त्याला बरोबर घेऊनच येईन. त्याच्याशिवाय मला करमायचं नाही.

तुझी
धापू

*

मेडता
वैशाख सुद चौथ

धापू,

तुझ्या दुसऱ्या पानानं आमच्या घराला आग लावली होती. थोडक्यात विझली.

मी पहिलं पान वाचत होते. दुसरं खाली पडलं. ते माझ्या नणंदेनं, चंदानं उचललं. नुकतीच वाचायला शिकली आहे, दिसेल ते मोठ्यानं वाचते. सासूजी सांगरीच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. चंदा वाचते आहे: ‘हुकम सध्या फार तापट झालाय. माझ्या हातानं भरवल्याशिवाय खात नाही.’

सासूजींच्या हातातलं सूप थांबलं. “हा हुकम कोण?”

आता सांग, मी काय बोलणार? आपल्याकडे हुकम म्हणजे मोठ्या घरचा पुरुष. चंदा थांबते कुठे! ‘माझं लग्न ठरल्याचं त्याला अजून कळलेलं नाही. मुकलाव्याला त्याला बरोबर घेऊनच येईन.’

“बरोबर घेऊन येणार?” सासूजी उभ्या राहिल्या. “सुगनी बीनणी, तुझी बहीण लग्नाला दोन माणसं आणणार का आमच्या घरात? कुठल्या ठाकुराचा पोरगा आहे?”

“सासूजी, मोर आहे तो. मोर!”

“मोराला कोणी हुकम म्हणतं?”

“तो चालतोच तसा, सासूजी. आपलीच जहागीर असल्यासारखा.”

रुघनाथ दारात उभा होता. त्यानं तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते, हसत होता. सासूजी नाही हसल्या. त्या परत बसल्या आणि सांगरी निवडता निवडता म्हणाल्या, “मोर. तोरणावर बसवतात तोच ना? मागच्या वेळचा विसरले नाही मी.”

धापू, आता तुला एक गोष्ट सांगते जी आजवर कुणाला सांगितली नाही. बापूंना कळता कामा नये. माझ्या लग्नात ह्यांनी घोडीवरून तोरणाला डहाळी लावली आणि तोरण खाली आलं, मोराची मान मोडली, तुला आठवतं. आपल्याकडे सगळ्यांनी हसून घालवलं. इथे कोणी घालवलं नाही. चार वर्षं झाली माझी कूस उजवली नाही, आणि चार वर्षं मी ऐकते आहे: सुताराच्या घरचं तोरण आणि तेच पडलं. सणाला ऐकते, कोणाच्या बारशाला गेले की ऐकते. तुझं स्थळ मी इथे जुळवलं तेव्हा सासूजी एवढंच म्हणाल्या, “ह्या वेळी तोरणाचं काही झालं तर लग्न तिथेच थांबेल. एक पुरे झाली.”

समजलं ना? म्हणून घालव म्हणते. आणि निदान पत्रात त्याचं नाव लिहू नकोस. पक्षी म्हण.

जीजी

*

रातडिया
वैशाख पौर्णिमा

जीजीस नमस्कार.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. घरात काम होतं.

तू जे लिहिलंस ते मी कुणाला सांगितलं नाही. तू इतकं एकटीनं ऐकत होतीस आणि मला दर सणाला बांगड्या पाठवत होतीस. मला फार वाईट वाटलं.

बापू बरे आहेत. तोरणाचं काम सध्या थांबलंय, ऊन फार आहे. चष्मा सध्या घालत नाहीत. पक्ष्याला मी ओरणात सोडून येईन, देवाच्या राईत त्याला कोणी मारणार नाही. तू म्हणतेस ते खरं होतं.

एक विचारायचं होतं. डोळ्यात काच गेली तर किती दिवसांनी दिसायला लागतं, हे तुमच्या शेजारच्या कंपाउंडरांना विचारून कळवशील का? जमालचाचांच्या बैलाला विचारायचं आहे. म्हणजे चाचांसाठी विचारायचं आहे.

धापू

*

मेडता
जेठ सुद दूज

धापू,

तू सांगितलंस. खोटं बोलू नकोस, तू बापूंना सांगितलंस. तोरण थांबलं ते उन्हानं नाही. जन्मभर ज्यानं भर जेठात खळ्यात बसून नांगर तासले त्याला ऊन लागतं? त्यांच्या कामाला इथे नावं ठेवतात हे ऐकून त्यांनी हत्यार खाली ठेवलं, मी ओळखते त्यांना. रागावले की बोलत नाहीत, काम थांबवतात. मी पाठवलेला चष्मासुद्धा काढून ठेवला. माझ्यावरच रुसले असणार, की सुगनीनं सासरची बोलणी माहेरी पोचवली.

मी तुझ्यावर विश्वास टाकला आणि तू आठ दिवस तो पोटात ठेवू शकली नाहीस. आता तोरण कोण करणार? बाजारातून आणायचं? सुताराच्या दारावर विकतचं तोरण? सासूजींना आयतंच कोलीत मिळेल.

त्यांना सांग, सुगनी चुकली म्हणावं. पाया पडते म्हणावं. पण तोरण करा.

कंपाउंडर म्हणतात, काच कुठे लागली त्यावर आहे. बुबुळाला लागली असेल तर कठीण. चाचांना बाजाराच्या दिवशी इकडे घेऊन ये.

जीजी

*

रातडिया
जेठ सुद एकादशी

चिरंजीव सुगनीस बापूचे आशीर्वाद.

ओळी तिरक्या जात आहेत, सांभाळून घे. टपालवाल्यानं तुझं पत्र माझ्याच हातात दिलं. धापू पाण्याला गेली होती. डाव्या डोळ्यानं वाचलं. उजव्यानं यापुढे वाचता येणार नाही.

घाबरू नकोस. रडायचं असेल तर रडून घे आणि मग पुढचं वाच.

धापूनं मला काही सांगितलं नव्हतं, तुझं पत्र वाचून मी खोदून विचारलं तेव्हा कुठे सगळं बोलली. तुझं गुपित तिनं नीट ठेवलं, आणि माझंही तुझ्यापासून ठेवलं. दोन्हीकडची ओझी त्या पोरीच्या डोक्यावर. जमालला तिनं विनाकारण आंधळा केला, तो रोज येऊन विचारतो, माझा डोळा कसा आहे.

झालं ते असं. आखातीजेनंतरची दुपार. अंगणात वाकून पोपटाचा पंख कोरत होतो. हुकमला माझ्या चष्म्यात दुसरा मोर दिसला. दोन दिसले म्हणायचे, काचा दोन होत्या. एकाशी भांडण झालं. दुसऱ्यापर्यंत पोचायच्या आत धापूनं त्याला मिठी मारून मागे ओढलं, नाहीतर आज हे पत्र जमालची सून लिहीत असती. काच फुटून आत गेली. मेडत्याला आलो असतो तर तुझ्या सासरी कळलं असतं, म्हणून नागौरला गेलो. डॉक्टरांनी काच काढली. उजेड कळतो, बाकी काही नाही.

चष्मा तू पाठवलास म्हणून स्वतःला दोष देशील. देऊ नकोस. त्या चष्म्यानं मला दोन महिने माझ्या तरुणपणची रेघ दाखवली. आणि मोरालाही दोष देऊ नकोस. जंगलातला मोर माणूस दिसला की पळतो. ह्याला आम्ही हातावर वाढवला, म्हणून ह्याला वाटतं माणसं म्हणजे मोरच, आणि मोर म्हटला की भांडायचं. धापू त्याला जमालच्या उंटगाडीत घालून ओरणात सोडून आली. रडत आली. दुसऱ्या दिवशी हा माळवदावर हजर, शेपटीची अर्धी पिसं कुत्र्यांनी ओढलेली. कुत्र्याला भ्यायचं असतं हे त्याला कोणी शिकवलंच नाही. आता तुम्ही म्हणता घालवून द्या. कुठे घालवू? पाळण्यात हाच मोठा तोटा आहे, बेटा. मिरच्या खातो तो नाही. आपण एखाद्याला आपल्यासारखा करतो आणि मग तो त्याच्यासारखा राहत नाही.

आता तोरण. मी करतोय. हातांना डोळे लागत नाहीत, फार तर जास्त वेळ लागतो. पोपट चार झाले. वरचा मोर मात्र करत नाही. अर्धा कोरून ठेवला होता, तर ह्यानं त्यालाही चोची मारून ठेवल्या. वरची जागा रिकामी राहील. कोणी विचारलं तर सांग, म्हाताऱ्याला दिसत नव्हतं.

शेवटचं. तुझ्या लग्नात तोरण तुटलं नव्हतं. त्या वर्षी अवेळी पाणी पडून भिंत ओली होती, खिळा निघाला. मोराची मान पडल्यावर मोडली. हे तुझ्या सासूला सांगायची गरज नाही, पण तुला माहीत असावं. मुलं खिळ्याला टांगलेली नसतात, सुगनी.

बापू

*

मेडता
जेठ पौर्णिमा

बापूंच्या चरणी सुगनीचा नमस्कार.

चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा कागद भिजला. मी पाठवला तो चष्मा. तुम्ही नको म्हणता, पण मी काय करू?

इथे मी कुणाला सांगितलेलं नाही. डोळा अधू झाल्याचं आणि वरच्या जागी मोर नसल्याचं सासूजींना कळलं तर संपलं. त्या स्वतः येणार नाहीत, वरातीत बायका येत नाहीत, मीही येणार नाही. पण सासूजींचे भाऊ येणार आहेत, मामाजी. ते सासूजींचे डोळे आहेत. परत येऊन जे सांगतील तेच खरं धरलं जाईल.

नवमीच्या दिवशी पक्ष्याला कोठारात कोंडा. बाहेरून कडी घाला. धापूला तोरणाच्या वेळी आतल्या खोलीत बसवा आणि म्हणावं, श्वाससुद्धा मोठ्यानं घेऊ नकोस. नवरी तोरणाआधी दिसत नाही आणि तिचा आवाज वरातीच्या कानावर जात नाही, हे तिला पुन्हा सांगा. बापू, मी इथे देवापुढे बसून राहीन. माझा जीव टांगणीला लागलाय.

सुगनी

*

रातडिया
आषाढ सुद दशमी

सुगनी,

हे पत्र धापूच्या पेटीत, लाल ओढणीच्या घडीत ठेवतोय. ती उतरल्या उतरल्या काढून घे आणि मामाजी तुझ्या सासूशी बोलायच्या आधी वाच. लग्न लागलं. पण सरळ लागलं नाही.

हुकमला कोठारात कोंडलं होतं. वरात वेशीत आली, ढोल वाजायला लागले, आणि जमालची सून बसायचा लाकडी बाजोट आणायला कोठारात गेली. मी सांगायला विसरलो. तिनं कडी काढली, हा तिच्या डोक्यावरून बाहेर. माळवदावर, तिथून दारावर. आणि बसला कुठे? तोरणाच्या वर, मी सोडलेल्या रिकाम्या जागेत. जणू त्याच्यासाठीच सोडली होती. पिसारा खाली पोपटांवर लोंबतोय.

वरात दारात थांबली. ढोल थांबला. कुणी हात जोडले, कुणी हसलं. रुघनाथ घोडीवर, हातात लिंबाची डहाळी. साफ्यावरची कलगी उन्हात चमकत होती, आणि हा मान वाकडी करून तिच्याकडे बघतोय. ती मान मी ओळखतो. एका डोळ्यानं ओळखतो.

“मार!” मामाजी ओरडले. “काय बघतोस? डहाळी मार, उडेल.”

रुघनाथ हलला नाही.

“मुहूर्त टळतोय, रुघनाथ! तोरण मारल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि परत फिरलास तर वरात परत फिरली!”

“मामाजी,” तो म्हणाला, “ह्याला कसं मारू?”

“मग मी मारतो!” म्हणून मामाजींनी बाजावाल्याची काठी घेतली. मी मध्ये उभा राहिलो. काय बोललो आठवत नाही. मला एवढंच दिसत होतं की काठी उठली तर हा रुघनाथच्या तोंडावर झेपावणार, आणि धापूचं लग्न माझ्या डोळ्यासारखंच जाणार.

तेवढ्यात आतून आवाज आला. मे-आव! मे-आव!

तुला माहीत आहे, मोर ओरडतो त्याला आपण मेह आव म्हणतो, पावसाला बोलावतो म्हणून. धापू त्याला लहानपणापासून तसंच बोलावते. त्याच्याच भाषेत. पण अंगणातून गोठ्यापर्यंत पोचेल एवढ्यानं. काल ती वेशीपर्यंत पोचेल एवढ्यानं ओरडली. बायकांमध्ये बसलेली नवरी, मेंदीचे हात तोंडाजवळ धरून.

हुकम उठला आणि घरावरून मागच्या अंगणात उतरला. वराती सगळे मागच्या खेजडीच्या झाडाकडे बघायला लागले. “लांडोर बोलावतेय,” कोणीतरी म्हणालं. “माजावर आलाय, जाणारच.” सगळे हसले. जमाल म्हणाला, “आमच्या गावच्या लांडोरी मोठ्या गळ्याच्या.” मी त्याच्याकडे बघितलं नाही.

रुघनाथनं सात वेळा तोरणाला डहाळी लावली. सुगनी, तोरण हललंसुद्धा नाही. कुठल्याही तोरणाला लावत नाही इतके खिळे मी ठोकले होते. घोडीवरून उतरताना त्याची मान खाली होती, पण तो हसत होता. त्याला कळलं होतं. मामाजींना कळलं की नाही ते मला सांगता येत नाही. जेवताना त्यांनी दोनदा विचारलं, “इथे लांडोरी किती आहेत हो?”

ओरडणारी नवरी तुझ्या सासूला चालणार नाही. पण ती ओरडली नसती तर आज तुझ्याकडे नवरीच आली नसती. काय बोलायचं ते तू ठरव.

तिची गाडी जुंपताहेत, आणि हुकम सकाळपासून चाकाशी घुटमळत होता. आता दारात उभा आहे. मी त्याला बोलावून पाहिलं, पण माझा आवाज तसा निघत नाही. मुकलाव्यापर्यंत धापू पुन्हा माझ्याकडे राहील तेवढंच. त्याला हाकलणार नाही. उजव्या बाजूचं मला काही दिसत नाही, परवा त्या बाजूला विंचू होता तर हाच ओरडला.

बापू

*

मेडता
आषाढ सुद तेरस

बापूंच्या चरणी सुगनीचा नमस्कार.

धापू उद्या-परवा परत येईल, पण तिच्या तोंडून ऐकण्याआधी तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते.

तुमचं पत्र मी वेळेवर वाचू शकले नाही. धापूची पेटी उघडायच्या आतच मामाजी सासूजींच्या शेजारी जाऊन बसले होते. काय झालं होतं मला काही माहीत नाही, आणि ते कानाशी लागून सांगताहेत. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मोर म्हणाले, तोरण म्हणाले, लांडोर म्हणाले. ते उठल्यावर मी चुलीमागे बसून तुमचं पत्र वाचलं, पण तोवर उशीर झाला होता.

संध्याकाळी नव्या नवरीचं तोंड बघायला गल्लीतल्या बायका जमल्या. धापू घुंघट घेऊन बसलेली, मामाजी आणि रुघनाथ दाराबाहेर ओसरीवर. सगळ्यांसमोर सासूजींनी नव्या सुनेला विचारलं, “बीनणी, तुझ्या गावात लांडोरी आहेत का?”

धापूनं मान हलवली. हो.

“मोठ्यानं ओरडतात का?”

आतून बारीक आवाज आला, “एकच ओरडते, सासूजी.”

बापू, मला वाटलं, आता म्हणतील उद्याच्या गाडीनं हिला परत पाठवा. सासूजी माझ्याकडे वळल्या. “ऐकलंस, सुगनी? एकीच्या वेळी तोरण पडलं. दुसरी तोरणाआधी वेशीपर्यंत ओरडली. काय घर शोधलंय मी.”

आणि मला काय झालं कोण जाणे. चार वर्षं जे गिळलं ते वर आलं. पदर डोक्यावरून घसरला तरी मी सावरला नाही. मी म्हणाले, “सासूजी, ती ओरडली म्हणून तुमच्या मुलाचे डोळे शाबूत घरी आले. माझ्या बापाचा एक गेलाय, मोरानंच फोडला. उरलेल्या एका डोळ्यानं त्यांनी तोरण केलं, आणि ते हललं नाही, विचारा मामाजींना. आणि माझ्या वेळी भिंत ओली होती, खिळा निघाला. मुलं खिळ्याला टांगलेली नसतात!”

तुमचं वाक्य मी चोरलं, बापू. एवढ्या बायकांसमोर, एवढ्या मोठ्यानं. चंदाच्या हातातला बत्ताशा खाली पडला.

सासूजींनी हातातलं नारळाचं ताट खाली ठेवलं. मग मामाजींना विचारलं, “खरंच हललं नाही?”

“नाही,” मामाजी म्हणाले. “घोडी हलली, तोरण नाही.”

“आणि सुताराचा डोळा?”

“उजवा बांधलेला होता. मला वाटलं, आले असतील डोळे.”

सासूजी उठल्या. धापूचा घुंघट स्वतःच्या हातानं वर केला, तिचं तोंड बघितलं, तिच्या ओंजळीत नारळ ठेवला. जाताना माझा पदर माझ्या डोक्यावर ओढला, नेहमीपेक्षा हळू. दारात थांबून म्हणाल्या, “रुघनाथ, व्याह्यांना निरोप पाठव. मुकलाव्याला मोर बरोबर आणायचा नाही. तो तिथेच राहू दे, त्यांच्या उजव्या हाताला. आमच्या घरात लांडोरी दोन झाल्या, तेवढ्या पुरे.”

तुमची
सुगनी